पलीकडचा काटा

रविवार, २ तारीख

सगळ्यांत आधी आली ती समोरची मास्तरीण. आमचं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, सूनबाई गादीचं एक टोक धरून उभी, आणि ही बाई फाटक ढकलून थेट आत. म्हणाली, मी पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला, आता घरीच असते, तुम्ही किती शिकलात. मी म्हटलं, तिसरी पास, चौथीत तुमच्यासारख्या बाई होत्या म्हणून शाळा सोडली. ती इतकी हसली की पायरीवरच बसली. तिथेच ओळखलं, हिच्याशी माझं जमणार.

बसल्या बसल्या तिने अख्खी गल्ली सांगून टाकली. कोपऱ्यावरच्या घरातले नवराबायको दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. जे काय सांगायचं ते कुत्र्याला सांगतात, दुसरा ऐकतो. कुत्रं बिचारं दोघांकडे मान वळवून वळवून थकलंय. मी म्हटलं, आमच्या ह्यांच्या वेळी असं कुत्रं असतं तर बरं झालं असतं.

घर छान आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे कपडे धुवायची जागा, पुढे लिंबाचं एक रोप. मुलाची बदली इथल्या कारखान्यात झाली आहे, पण गोटीची शाळा संपायला अजून दोन महिने आहेत. गोटी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची, वाटोळी आणि एका जागी न थांबणारी, म्हणून गोटी. तोवर घर रिकामं नको, रंगारी, सुतार यायचे आहेत, तर मी म्हटलं मी राहते. सगळे म्हणाले एकटी कशी राहशील. मी म्हटलं, सत्त्याहत्तर वर्षांत मला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळते आहे, आता मला कोणी हलवून दाखवा.

ही वही गोटीची. अर्धी गणिताची आहे, अर्धी कोरी. मागच्या पानावर तिने माझं चित्र काढलंय, त्यात अंबाडा डोक्यापेक्षा मोठा. मुलगा म्हणाला, पाणी गाळायचं यंत्र बसवलंय, त्याचे आकडे रोज ह्यात लिहीत जा. सूनबाई म्हणाली, आई नुसते आकडे लिहिणार आहेत होय, तेलाची बाटली आणायला गेल्या तरी दुकानदाराच्या सासूची तब्येत सांगतात. खरं आहे ते.

जाताना गोटी माझ्या पदराला लोंबकळली. मुलाने सांगितलं, दर रविवारी यायचं, सकाळी साडेदहाच्या आत आजीकडे हजर. तेव्हा कुठे सोडलं.

मंगळवार, ४ तारीख

आज नळवाले आले. पोट मोठं आणि काम सगळं बेसिनखालचं, त्यामुळे बिचाऱ्यांचा श्वास अर्ध्यावरच. पण माणूस शिकवणारा. मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, आजी, लक्ष द्या, मी दोनदा सांगत नाही. मग चारदा सांगितलं.

कपडे धुवायच्या जागेत भिंतीवर एक निळं उभं भांडं आहे. त्यात गाळणी. भांड्याच्या दोन बाजूंना बिस्किटाएवढी दोन घड्याळं, काटा एकेकच. पाणी येतं त्या बाजूचं अलीकडचं, गाळून जातं त्या बाजूचं पलीकडचं. ही घड्याळं वेळ नाही सांगत, पाण्याचा जोर सांगतात. गावाची टाकी टेकडीवर, म्हणून जोर चांगला. घरातले सगळे नळ बंद असले की दोन्ही काटे तिनावर, जुळ्या भावांसारखे. नळ सोडला की अलीकडचा जवळजवळ जागेवर राहतो आणि पलीकडचा खाली येतो, कारण पाण्याला गाळणीतून घुसून जावं लागतं. जितका कचरा गाळणीत अडकेल तितका पलीकडचा आणखी खाली. दोघांत एका आकड्याहून जास्त अंतर पडलं की गाळणी बदलायची.

मधे काय अडकलंय ते डोळ्यांना दिसत नाही आजी, दोन काट्यांतलं अंतर सांगतं, असं म्हणाले. मला फार आवडलं ते.

आकडा घेताना दर वेळी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून घ्यायचा. कधी हा नळ, कधी तो, असं केलं तर आजचा आकडा कालच्याशी ताडता येत नाही. काटा अडकल्यासारखा वाटला तर काचेवर बोटाने टिचकी मारायची. मी सगळं म्हणून दाखवलं. म्हणाले, पास. मास्तरीण दारातून म्हणाली, मी असते तर तोंडी परीक्षेत नापास केलं असतं, मधे मधे फार बोलतात.

अलीकडचा तीन, पलीकडचा पावणेतीन. गाळणी नवी.

शुक्रवार, ७ तारीख

अलीकडचा तीन, पलीकडचा पावणेतीन.

मला ह्या काट्यांचा नादच लागलाय. चहा घेऊन स्टुलावर बसते. प्रत्येक नळाची काटा पाडायची पद्धत वेगळी आहे. वरचं न्हाणीघर काट्याला एकदम खाली ओढतं. स्वयंपाकघराचा नळ सावकाश. संडासाची टाकी भरताना काटा खाली जाऊन हळूहळू वर चढतो, दम लागलेल्या म्हातारीसारखा.

काल मास्तरणीला वर पाठवलं, म्हटलं कुठलाही नळ सोडा, मी खाली बसून ओळखते. पाचपैकी पाच बरोबर. सहाव्या वेळी तिने फसवायला दोन नळ एकदम सोडले, तेही ओळखलं. ती खाली येऊन म्हणाली, तुमच्या घरात चोरून हात धुवायचीही सोय नाही. नळवाल्यांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आजी, तुम्हाला कामावर ठेवतो, बेसिनखाली शिरता येईल का तेवढं सांगा.

सुताराने कपाट लावलं. आमचं जुनं सामान त्यात ठेवलं. माझ्या थोरल्या लेकीचं, थोरलीचं, फुलपात्र निघालं त्यात, तळाशी पोचा आलेलं, स्टीलचं. ते मी कुठल्याच घरात मागे ठेवलेलं नाही. कपाटात नको वाटलं. धुऊन निळ्या भांड्याच्या खाली छोटा नळ आहे ना, त्याच्याजवळ ठेवलं. पाणी चाखायला बरं.

परवा रविवार.

रविवार, ९ तारीख

सव्वादहालाच आले. गोटी गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागली होती.

आज फार मजा केली. मी स्टुलावर, गोटी मांडीवर, आणि आम्ही दोघी काट्यावरून चोर पकडत होतो. मुलगा दाढी करताना नळ चालूच ठेवतो, लहानपणापासूनची खोड, काटा दोन मिनिटं खालीच राहिला. मी इथूनच ओरडले. वरून आवाज आला, आई, लग्न झालंय माझं. सूनबाई हसून म्हणाली, काटा माझ्या बाजूचा आहे.

मग गोटीने मला विचारलं की आजी, आता कोण. मी बघितलं. पलीकडचा काटा जरासा खाली येऊन लगेच वर गेला. कोणी भांडंभर पाणी घेतलं तर जातो तसा. म्हटलं, तुझी आई. पण खिडकीतून बघते तर सूनबाई दोरीवर टॉवेल टाकत होती आणि मुलगा गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभा. गोटी माझ्या मांडीवर.

म्हटलं, काट्याला उचकी लागली. गोटीला ते इतकं आवडलं की दिवसभर काट्याला उचकी, काट्याला उचकी.

जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी काट्याला साखर देऊ.

मंगळवार, ११ तारीख

अलीकडचा तीन, पलीकडचा पावणेतीन. म्हणजे गाळणी ठीक.

पण उचकी पुन्हा लागते. काल आणि आजही. मी घरात एकटी. सगळे नळ स्वतः फिरून घट्ट केले, संडासाची टाकी भरून थांबलेली, वरच्या न्हाणीघरात कोरडी फरशी. आणि साडेदहा वाजले की पलीकडचा काटा जरा खाली, परत वर. पंधरा-वीस मिनिटांनी परत. कधी लागोपाठ. दिवसभर. दिवे लावायच्या वेळेला थांबतं.

वहीत उभ्या रेघा मारून ठेवल्या. आज चौतीस.

टिचकी मारून बघितली. अडकलेला काटा नाही. छान सरळ खाली येतो, छान सरळ वर जातो.

बुधवार, १२ तारीख

नळवाले आले होते. म्हणाले, कुठेतरी गळती असणार. पण गळती म्हणजे काटा सतत खाली राहायला हवा, आणि मी सांगितलं की हा पिऊन थांबतो. पिऊन, असा शब्द माझ्या तोंडून गेला.

त्यांनी सगळे सांधे पुसून कागद लावून बघितले, कोरडे. पलीकडचं घड्याळ काढून नवं बसवलं, पांढरी टेप गुंडाळून. मग आम्ही दोघं समोर बसलो. मास्तरीणही आली, बघायला मिळेल म्हणून. साडेदहा झाले. नव्या घड्याळाचा काटा खाली आला, वर गेला.

नळवाल्यांनी काचेवर टिचकी मारली. मग म्हणाले, आजी, भांड्याच्या पुढचा कॉक बंद करून बघू, म्हणजे घराकडे पाणी जाणारच नाही. बंद केला. काटा आला खाली. गेला वर.

त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि उद्या एका जाणत्या माणसाला घेऊन येतो म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले. मास्तरीण म्हणाली, पाईपात हवा असेल. मग म्हणाली, आज माझ्याकडे राहायला या. मी म्हटलं, छे, माझी खोली सोडून मी कुठे जाऊ.

आज एक्केचाळीस रेघा.

शुक्रवार, १४ तारीख

नळवाले आले नाहीत, फोन उचलत नाहीत.

आज मी एक केलं. थोरलीचं फुलपात्र घेतलं आणि खालच्या छोट्या नळातून ते काठोकाठ भरलं, काट्याकडे बघत. काटा खाली आला, भरेपर्यंत तिथे राहिला, बंद केल्यावर वर गेला. मी मनात आकडे मोजले. सहा.

मग साडेदहाची वाट बघितली. काटा खाली आला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वर गेला.

मी स्टुलावरून उठलेच नाही बराच वेळ. चहा गार झाला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही, मुलाला तर नाहीच. त्याला एवढंच माहीत आहे की त्याच्या आधी एक बहीण होती आणि ती तापाने गेली. तो तेव्हा आठ महिन्यांचा होता.

ताप नव्हता. उलट्या आणि जुलाब होते. थोरली सहा वर्षांची. कंपाउंडर येऊन गेला सकाळी साडेदहाला. सांगून गेला की पाणी पोटात ठरत नाहीये, दिवे लागेपर्यंत एक थेंब द्यायचा नाही. तेव्हा तसंच सांगायचे. आता सगळ्यांना माहीत आहे की देत राहायचं असतं, टीव्हीवरही सांगतात. मी चोवीस वर्षांची, मला वाटलं मी हट्टाने पाळलं तर पोर वाचेल. ती मागत राहिली. आई, फुलपात्रभर. आई, अर्धं. आई, नुसतं ओठाला. मी म्हटलं, दिवे लागले की देते. ओली पट्टी कपाळावर ठेवली तर ती तोंडात घालून चोखायला लागली. मी ती काढून घेतली. पिळून, कोरडी करून परत ठेवली.

दिवे लागायच्या आधीच गेली.

फुलपात्र मी भरून ठेवलं होतं, दिवे लागल्यावर द्यायला. सगळ्यांना सांगितलं की शेवटी पाणी घेतलं तिने. माझ्या हातचं घेतलं, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, तेवढं तरी बरं झालं.

त्यानंतर आम्ही पाच घरं बदलली. कुठेही असे काटे नव्हते. म्हणजे ती तेव्हापासून पीतच असेल. प्रत्येक घरात. मला दाखवणारं काही नव्हतं, एवढंच.

आज रेघा मारल्या नाहीत. स्टुलावर बसून राहिले तिच्याजवळ. खरं लिहू का, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. त्रेपन्न वर्षांनी लेक आली.

रविवार, १६ तारीख

आले होते. गेले. 

मी गोटीला मागे जाऊ देणार नव्हते. पण भाजी निवडता निवडता माझं लक्ष चुकलं आणि ती गेली. जाऊन बघते तर फुलपात्र भरून दोन्ही हातांत धरून भिंतीसमोर उभी. भिंतीशी बोलत होती. कोणाशी बोलतेस विचारलं. म्हणाली, तिचं सारखं भरून सांडतं आजी, तोंडात जातच नाही, म्हणून मी म्हटलं माझं घे.

मी विचारलं, माझं म्हणजे काय. म्हणाली, मी प्यालेलं.

मग फुलपात्र तोंडाला लावून गटागटा प्यायली. तिच्या घोटाघोटाला काटा खाली आला. छोटा नळ बंद होता. मी बघितलं, बंद होता.

जेवताना सात भांडी पाणी प्यायली. सूनबाई म्हणाली, ऊन आहे. गाडीत बसतानाही बाटली तोंडाला. ओठ कोरडे, चिरा पडल्यासारखे. मुलगा म्हणाला, येतो गं, पुढच्या रविवारी. मी मान हलवली. 

मंगळवार, १८ तारीख

मुलाचा फोन. गोटीला सारखी तहान लागते. शाळेतून दोनदा फोन आला, नळावरून हलत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, साखर नाही, काही नाही. पण अंग सुकत चाललंय. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते म्हणाला. त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

थोरलीची कातडी तशीच राहत होती.

मी विचारलं, किती वाजता पिते. म्हणाला, आई, हे काय विचारतेस. म्हटलं, सांग. म्हणाला, सकाळी ठीक असते. साडेदहाच्या सुमाराला सुरू होतं. दिवे लागले की थांबतं, मग झोपते, दमून.

बुधवार, १९ तारीख

सूनबाईला सांगितलं, गोटी पाणी प्यायली की वेळ लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवायला बरं पडेल. हुशार आहे ती, मिनिटासकट लिहिलं. इकडे मी माझ्या वहीत. संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं.

१०:३२. माझी रेघ १०:३२.
१०:४०. माझी १०:४०.
१०:४१. माझी १०:४१.

तिने पन्नास वाचल्या. मी नुसती हो, हो म्हणत होते. तिला वाटलं मी रडते आहे म्हणून. तिनेच मला धीर दिला. म्हणाली, आई, तुम्ही काळजी करू नका, आपली गोटी चिवट आहे.

गोटी पिते ते गोटीच्या अंगी लागत नाही. मधेच अडकतं. मधे कोण आहे ते मला माहीत आहे.

गुरुवार, २० तारीख

आज सकाळी मी बाहेरचा मुख्य कॉक बंद केला. रस्त्यावरून पाणीच आत यायचं नाही. सगळे नळ सोडून पाईप रिकामे केले. दोन्ही काटे शून्यावर टेकले. मग मी स्टुलावर बसले. थोरलीला सांगितलं, बाळा, आज नाही. ती पोर लहान आहे. तिला सोड.

म्हणजे परत तेच. परत मीच.

साडेदहाला काटा हलला. शून्याच्या खाली जागा नसते काट्याला. तो शून्याच्या खिळ्यावर आपटत होता. टक. टक. आवाज यायचा. काचेला लहान बोट लावावं तसा.

बारा वाजता फोन. गोटी घरात पडली. जीभ टाळूला चिकटली, बोलता येईना. दवाखान्यात सुई लावून बाटली चढवतायत.

धावत जाऊन कॉक उघडला. गुडघा आपटला, रक्त आलं. काटे वर आले. पुन्हा फोन केला. शुद्धीवर आली म्हणाले. पहिला शब्द पाणी.

बंद करून चालणार नाही. मी बंद केलं की थोरली तिथून घेते.

मास्तरीण येऊन बसली होती. तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, तुमचं तोंड उतरलंय, मी तुम्हाला उद्या धडा देते, पाच ओळी लिहून आणा. हसले मी. बरं वाटलं.

शुक्रवार, २१ तारीख, सकाळी

रात्रभर विचार केला. ती फुलपात्र भरून घेते आणि सांडतं. तोंडात जात नाही. का जात नाही ते मला आज कळलं.

मी म्हटलं होतं ना, मी देते. ती अजून माझ्या हाताची वाट बघते आहे.

शुक्रवार, दुपारी

साडेदहाला फुलपात्र भरलं. छोटा नळ बंद केला. खाली फरशीवर बसले, मांडी घालून, भिंतीला पाठ लावून. पदर पसरला. ती निजायची तशी जागा केली मांडीवर. मग फुलपात्र वाकडं धरलं, जिथे तोंड असेल तिथे. म्हटलं, घे गं बाई. चुकलं माझं. घे.

पाणी पदरावर सांडलं नाही.

फुलपात्र हलकं झालं. सावकाश, घोट घोट. मांडीवर वजन आलं. फार नाही. दहा-बारा किलोंच्या पिशवीएवढं. आजारात इतकीच राहिली होती.

दुसरं भरून दिलं. तिसरं. ती पीत होती आणि मी तिला सांगितलं, गोटीचं घ्यायचं नाही हं. ती तुझी भाची आहे. माझं घे. माझ्यात आहे तेवढं सगळं घे. मी देते म्हटलं होतं.

मी भरलं तेवढं सोडलं तर काटा एकदाही हलला नाही.

शुक्रवार, दिवेलागणीला

फोन. गोटीने दुपारपासून पाणी मागितलं नाही. बिस्कीट खाल्लं, चित्र काढलं. ओठ ओले आहेत. डॉक्टर म्हणाले, आपोआप बरं झालं, होतं असं मुलांमधे. मुलगा फोनवर रडला, एवढा मोठा बाप्या. म्हणाला, आई, गोटी म्हणते मला आजीकडेच जायचंय. रविवारी येतोच. म्हटलं, थोडं थांबा ना, पुढच्या आठवड्यात या. म्हणाला, छे, ती ऐकत नाही.

जीव भांड्यात पडला माझा. हे वाक्य लिहिलं आणि हसायला आलं.

घसा कोरडा पडलाय. चार तांबे प्यायले.

शनिवार, २२ तारीख, सकाळी

अकरा तांबे. काही लागत नाही. ओठाला पाणी लावलं की जातं कुठेतरी. हाताची कातडी चिमटीत धरली. तशीच उभी राहिली.

आकडा घेतला. अलीकडचा तीन, पलीकडचा दीड. स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडून. नीट घेतला आकडा. नळवाल्यांनी पास केलं असतं.

थोरली मांडीवरून उठत नाही आता. उठायला गेले की हात धरते. हात गार आहे. गार बरा वाटतो.

शनिवार, दुपारी

मास्तरणीला खिडकीतून सांगितलं, मला सर्दी आहे, आत येऊ नका — तिने विचारलं आवाजाला काय झालं — धडा लिहिते आहे म्हटलं —

माझ्यातलं संपत आलं. संपल्यावर ती काय करील. उद्या गोटी येते. गोटी भरलेली असेल. खेळून, पाणी पिऊन, गाडीतून उतरेल आणि धावत मागे —

म्हणून आजच. दिवे लागायच्या आत. हिला एकटीला सोडायचं नाही. तेव्हा एकटीच गेली होती —

सूनबाई, हे पान आधी वाच. गोटीला गाडीतच ठेव. निळं भांडं काढून टाक. फुलपात्र माझ्याबरोबर दे, माझ्या हातातच असेल, हात उघडता आला नाही तर तसंच राहू दे. रडू नकोस. मला इथे आनंद झाला होता. खोली छान होती.

शनिवार, पाच

जीभ हलत नाही. लिहिता येतं.

तिने विचारलं दिवे लागले का. म्हटलं लागतील आता. मी इथेच —

फुलपात्र भरलेलं आहे. ती म्हणते, आई, आता तू घे. माझ्या तोंडाला लावते आहे. किती लहान हात — सांडू नको गं —

काटे दोन्ही. जुळ्या भावांसारखे. दोन्ही खाली येतायत. अडीच. दोन.

अजून उजेड आहे. येतो म्हणालेत ते उद्या, रविवारी, साडेदहाच्या